नव्याचा सण ते शिळा सण : आपल्या सणांच्या नावांची हकीकत

आपल्यातील ज्या कुटुंबांनी विलायतेत घर केले, त्यांच्या मुलांना योम किप्पूर चांगला ठाऊक आहे. सिनेगॉगमध्ये केव्हा उभे राहावे, शोफार केव्हा फुंकतात, उपास केव्हा सुटतो, हे ती बिनचूक सांगतात. पण ‘दरफळणीचा सण’ म्हटले की ती आजीच्या तोंडाकडे पाहू लागतात. पुरीमला आपल्याकडे होळीचा सण म्हणत, हे ऐकून त्यांना हसू येते. आणि एलूल महिन्यातील उपासांना रमजान म्हणत, असे सांगितले तर ती बुचकळ्यात पडतात.

मुलांचे हे आश्चर्य साहजिक आहे. परंतु आम्हांला वाईट वाटते ते मोठ्यांचे. चार परक्या ज्यूंमध्ये बसल्यावर आपल्यातील कित्येक जण ही नावे तोंडातून काढायला संकोचतात. ‘होळी हिंदूंची, रमजान मुसलमानांचा, मग तुमचे असे काय?’ असे कोणी विचारील ही धास्ती. म्हणून ही नावे कोठून आली, त्यांचा अर्थ काय आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही आहे काय, याचा एकदा नीट विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

या कामी आपल्याजवळ एक मोठा आधार आहे. कै. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापून निघाला मात्र त्यांच्या पश्चात, १९३७ साली, तेल अवीव येथे. आपल्या पूर्वजांचे सण त्यांच्या जुन्या नावांनिशी त्यांनी या ग्रंथात नोंदवले आहेत. सणांना मराठी नावे असलेला एक गट आणि मुसलमानी वळणाची नावे असलेला दुसरा गट, हा भेदही त्यांच्या ध्यानात आला होता. मराठी नावांचे सण मूळचे आणि दुसरे मागाहून सुरू झालेले, असे त्यांचे मत होते.

घरातून आलेली नावे

प्रथम मराठी नावे पाहू. तिश्री महिन्याच्या आरंभी रोश हशाना येतो, तो आपला नव्याचा सण. हे नवेपण वर्षाचे तर आहेच. पण त्याच सुमारास कोकणात भाताचे नवे पीक तयार होऊ लागते, आणि शेजारी कुणब्यांच्या दारांवरही नव्या लोंब्या बांधल्या जातात. त्यानंतर तिश्रीतच खिरीचा सण. नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा आणि शेमा म्हणायचा, एवढाच त्याचा विधी. सुगीचा सण जो सुक्कोथ, त्याची आठवण या खिरीत राहिली असावी, असे अभ्यासक मानतात.

तिश्रीच्या दहाव्या दिवशी दरफळणीचा सण, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. हाच योम किप्पूर. स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून माणसे घरात बसत, दारे बंद ठेवीत आणि त्या दिवशी परक्याशी संबंध येऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि आप्तस्वकीयांकडे भेटीला जायचे. दरफळणीच्या आदल्या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशी जुन्या लोकांची समजूत होती.

नीसान महिन्यातील पेसाहचे नाव तर फारच निराळे आहे : अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे आंबट कालवणाचे मडके. ते झाकून ठेवायचे, म्हणून हे नाव. याचा उलगडा आम्हांला असा वाटतो. तोरा सांगते की पेसाहच्या दिवसांत घरात आंबवलेले काही असू नये. युरोपातल्या घरात आंबवलेले म्हणजे पाव. पण आपल्या कोकणातल्या घरात पाव कुठला? रोज तांदळाची भाकरी, आणि ती बिनखमिराचीच. आंबलेले असे घरात काय होते? ते मडके. तेव्हा आपल्या बायकांनी ते मडके झाकले. आज्ञा जुनीच होती. ती पाळायची वस्तू तेवढी कोकणातली होती.

शेवटी बिरड्याचा सण, म्हणजे आब महिन्याची नववी तारीख, बेथ हमिक्दाशच्या विध्वंसाचा उपास. त्या उपासाच्या जेवणात वालाचे बिरडे असे, आणि ते ताटांऐवजी केळीच्या पानांवर वाढीत. ज्यू लोकांत सुतकाच्या जेवणाला मसूर व अंडी खाण्याची चाल फार जुनी आहे. कित्येक ज्यू या उपासापूर्वी मसूर खातात. मसुराची जागा कोकणात वालांनी घेतली. हे दिवस साधारण श्रावणाच्या आगेमागे येतात, आणि रायगडाकडील शेजाऱ्यांच्या घरीही श्रावणात वालाचे बिरडे हा ठरलेला पदार्थ. बाजारात तोच, पावसात तोच, आणि आमच्या पानावरही तोच.

आता ही सगळी नावे ओळीने वाचून पाहावीत. नवे, खीर, दार, शिळे, मडके, बिरडे. यांत एकही शब्द धर्मग्रंथातला नाही. सगळे घराच्या उंबऱ्याआतले आहेत. याचे कारण उघड आहे. आपल्या पूर्वजांजवळ शेमा होता, शाब्बाथ होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते. परंतु सेफेर तोरा नव्हता आणि हिब्रू वाचणारा कोणी नव्हता. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले प्रार्थनालय बांधले ते १७९६ साली. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांचा धर्म घरातच राहिला, आणि घर म्हणजे स्वयंपाकघर. सण कधी आणि कसा करायचा हे ज्यांच्या ध्यानात राहिले, त्या आपल्या आज्यापणज्या होत्या.

आणि ध्यानात राहिले ते या नावांमुळेच. ‘तिशा बेआव’ या शब्दांवरून निरक्षर बाईला काय करायचे ते कळले नसते. पण ‘बिरड्याचा सण’ म्हटले की वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे, म्हणजे दोन दिवस आधीपासून तयारीला लागायचे, हे तिला कळत होते. ‘दरफळणी’ म्हटले की दार लावायचे. नाव हीच कृती आणि नाव हेच पुस्तक. ज्या समाजाजवळ पोथी नव्हती, त्याने आपले पंचांग अशा रीतीने जतन केले, यात कमीपणा कसला?

शेजाऱ्यांकडून आलेली नावे

दुसरा गट शेजाऱ्यांच्या नावांचा. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या तारखेला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर येतो आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेला. ज्यूंचे महिने चंद्रावर चालतात आणि कोकणातले पंचांगही चंद्रावरच चालते. दोन्हींत ऋतूंशी मेळ राखण्यासाठी मधूनमधून एक महिना जास्त धरतात. ज्यूंकडे १९ वर्षांत सात वेळा, हिंदूंकडे अधिक मासाच्या रूपाने. म्हणून हे सण वारंवार एकाच दिवशी येतात. उदाहरणार्थ, २०२४ साली पुरीम आणि होळी दोन्ही २४ मार्चला होत्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आमच्या नव्याच्या सणाचा पहिला दिवस होता आणि शेजाऱ्यांची घटस्थापना. १२ ऑक्टोबरला इकडे दरफळणी, तर तिकडे दसरा. जास्तीचा महिना दोघांकडे एकाच वर्षी येतो असे नाही. म्हणून कधी महिन्याचे अंतर पडते, जसे २०२३ च्या शरदात पडले.

ही जुळणी ध्यानात घेतली म्हणजे ‘होळीचा सण’ या नावाचा अर्थ लागतो. होळी पेटवायची म्हणून ते नाव पडले नाही. गावात होळी असते त्या पौर्णिमेचा आपला सण, अशी ती दिवस ओळखण्याची खूण होती. पण दसऱ्याचे पाहा. गाव सोने वाटायला बाहेर पडे, तेव्हा आमची माणसे दारे लावून घरात बसत. त्या दिवसाला ‘दसऱ्याचा सण’ असे नाव आमच्या पूर्वजांनी दिले नाही. त्यांनी शेजाऱ्यांची काही नावे घेतली, काही घेतली नाहीत. म्हणजे डोळे मिटून नक्कल केली, असे म्हणता येत नाही.

रमजान, रोजा आणि उरूस हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात आणि किनाऱ्यावरील गावांत हे शब्द सर्वांच्याच कानांवरचे होते. धर्मकृत्ये करणाऱ्या पुढाऱ्याला आम्ही काजी म्हटले. मुंबईच्या पहिल्या प्रार्थनालयाला सर्व लोक जुनी मशीद म्हणत. एलूल महिना हा पश्चात्तापाचा, उपासांचा; महिनाभर उपास म्हणजे काय हे एका शब्दात सांगायचे तर कोकणात ‘रमजान’ याहून सोपा शब्द नव्हता. तिश्रीच्या तिसऱ्या दिवसाचा उपास तो नव्याचा रोजा.

यांत सर्वांत नवलाचे नाव एलियाहू हनाबीच्या उरुसाचे. उरूस हा अरबी शब्द. पिराच्या पुण्यतिथीचा तो उत्सव. पण एलियाहू नबी तर मेलेच नाहीत. अग्नीच्या रथातून ते स्वर्गात गेले, असे शास्त्र सांगते. मग त्यांची पुण्यतिथी कशी? अर्थ असा की आमच्या लोकांनी शब्द घेतला, त्यामागची समजूत घेतली नाही. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, तू बिश्वातला, हा उरूस होतो. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर नबीच्या रथाच्या चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या खुणा उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे, आणि आजही लोक तेथे नवस फेडायला जातात.

या नवसाचा मलिदाही असाच. शब्द फारशी, चुरणे, मळणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. दर्ग्यांवर चढवतात तो मलिदा पोळीचा व गुळाचा. आमचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा. त्यात खोवलेला नारळ, साखर, वेलची, आणि तबकात फळे. तो ठेवून आम्ही म्हणतो त्या प्रार्थना हिब्रू आहेत, आणि प्रत्येक फळावर त्याची त्याची बेराखा आहे. मलिदा म्हणजे बेथ हमिक्दाशमधील मिनहा हे अन्नार्पण होय, असे आपल्यातील अनेक जण मानतात. नाव एकाचे, पोहे दुसऱ्याचे, बेराखा आपली. या तिन्ही गोष्टी एका तबकात आहेत, हेच त्या तबकाचे वैशिष्ट्य.

देवघेव एकाच बाजूने झाली असेही नाही. आमच्या पूर्वजांना गावकरी शनवार तेली म्हणत. कारण तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवीत. महादेवाचे भक्त असलेले तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, ते सोमवार तेली. आम्ही आमच्या सणाला शेजाऱ्यांच्या सणाचे नाव दिले, तर शेजाऱ्यांनी आम्हांलाच आमच्या शाब्बाथचे नाव दिले. आपण कोण हे सांगणारी सर्वांत जुनी साक्ष या शेजाऱ्यांनी दिलेल्या नावातच आहे.

इतरांचे काय?

आता ज्या ज्यू बांधवांसमोर आपण संकोचतो, त्यांच्याकडे पाहू. हनुक्काला लंडनमधील शाळेतून मुले चार बाजूंची भिंगरी घेऊन घरी येतात, तिला ड्रेडल म्हणतात. तिच्यावर चार हिब्रू अक्षरे असतात आणि ‘तेथे मोठा चमत्कार घडला’ असा त्यांचा अर्थ सांगतात. परंतु ही भिंगरी मूळची युरोपातील ख्रिस्ती लोकांच्या जुगाराची. इंग्लंडात तिला टीटोटम म्हणत आणि नाताळच्या सुमारास तिच्यावर डाव लावीत. चार अक्षरे मूळ जर्मन शब्दांची : काही नाही, सगळे, अर्धे, भर घाल. चमत्काराचा अर्थ नंतर जोडला गेला. पुरीमची हामानताशेन ही खसखशीच्या सारणाची जर्मन मिठाई. खसखशीला जर्मनमध्ये ‘मोन’ म्हणतात, त्याचा हामान झाला. मृताच्या तिथीला ते यारझाईट म्हणतात. तो शब्दही जर्मन, आणि ख्रिस्ती देवळांत मृतांच्या वार्षिक स्मरणासाठी तो रूढ होता. म्हणजे त्यांचा यारझाईट आणि आपला उरूस एकाच वाटेने आलेले. हनुक्काचे बटाट्याचे लाटके घ्या. बटाटा अमेरिकेतून आला, मक्काबींनी तो डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

इंग्लंडातील ज्यूंनी तर आपल्या धर्मोपदेशकाला रेव्हरंड म्हटले आणि इंग्रज पाद्र्यासारखी पांढरी गळपट्टी घातली. आमचे काजी आणि त्यांचे रेव्हरंड, यांत फरक तो काय? उलट, तळलेली मासळी ही स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंनी इंग्लंडला शिकवली. हॅना ग्लास बाईंच्या अठराव्या शतकातील पाकपुस्तकात ‘ज्यू पद्धतीने’ मासळी टिकवण्याची कृती आहे. आज तीच मासळी बटाट्याच्या कापांबरोबर इंग्रजांचे राष्ट्रीय खाणे म्हणून मिरवते. आणि इंग्रजांचा ‘जुना’ नाताळचा वृक्ष? शार्लट राणीने १८०० साली विंडसरला तो जर्मन चालीप्रमाणे उभारला, आणि १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे वृक्षाभोवतीचे चित्र इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये छापून आल्यावर तो घरोघर पसरला. पुढे त्या वृक्षाच्या जर्मन कुळाबद्दल इंग्रजाला कधी लाज वाटल्याचे आम्ही ऐकले नाही.

जास्त सिद्ध करण्याचा मोह

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. लाज टाकताना बढाई मारू नये. केहीमकरांनी असे मांडले की आपल्या जुन्या सणांत हनुक्का नाही, म्हणून आपले पूर्वज हनुक्काच्या घटनेपूर्वी, इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, देश सोडून निघाले. हा युक्तिवाद आपल्याकडे फार आवडीने सांगतात. पण जुन्या यादीत शाबुओथही नाही, आणि शाबुओथ तर तोरात सांगितलेला आहे. मग तोराच्याही आधी आपण निघालो काय? अर्थात नाही. सण नसणे यावरून तो विसरला गेला एवढेच ठरते. निघाल्याचे वर्ष ठरत नाही. नौगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सात जोडप्यांची कथा आपण प्रेमाने सांगावी. पण बिरड्यावरून तिचे साल काढू नये.

सणांवरून जे खात्रीने कळते तेही थोडे नाही. योम किप्पूर, पेसाह, पुरीम, आबची नववी, हे दिवस पुस्तकाविना आपल्या लोकांनी धरून ठेवले होते. पुढे कोचीनचे शिक्षक आले; जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले; १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा निघाली. पुण्याच्या हगादेतील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका मत्सा करताना दिसतात. हिब्रू नावे शिकण्यापूर्वीच त्या बायकांना सण ठाऊक होता.

विलायतेत

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कारण आपल्या चालीरीतींवरून आपल्याला जोखण्याचे प्रसंग येऊन गेले आहेत. १९६२ साली इस्राएलमध्ये रब्बींनी विवाहाच्या वेळी बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे ठरवले, आणि १९६४ साली क्नेसेटने मध्ये पडेपर्यंत आपल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. इंग्लंडातही २००९ साली जेएफएस शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ वंशावरून प्रवेश देता येणार नाही. तेव्हापासून ज्यू शाळा धर्माचरणाचा दाखला पाहू लागल्या, आणि त्यात सिनेगॉगमधील हजेरीला महत्त्व आले. हजेरी मोजता येते. घरात लावून घेतलेले दार, झाकलेले मडके, दोन दिवस आधी भिजवलेले वाल यांचा दाखला कोणी देत नाही. तो आपणच आपल्या मुलांना द्यायचा आहे.

सुदैवाने अजून वेळ गेलेली नाही. नावे गेली तरी पदार्थ राहिले आहेत. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर किंवा साउथॉलला पोहे मिळतात, वाल मिळतात, डब्यातले नारळाचे दूध मिळते. नव्याच्या सणाचा हलवा गव्हाच्या चिकाऐवजी कॉर्नफ्लोअरचा होत असेल, पण नारळाच्या दुधातच होतो. मांसाच्या जेवणाबरोबर गाईचे दूध चालत नाही, हे कारण मुलांना सांगावे. म्हणजे हलव्याच्या वडीतून त्यांना धर्म आणि कोकण दोन्ही कळतील. तू बिश्वातला लंडनमध्ये झाडावर पान नसते, तरी दुकानातल्या फळांवर मलिद्याची बेराखा म्हणता येते.

आमची सूचना साधी आहे. घरातल्या भिंतीवर ज्यू कॅलेंडर असतेच. त्यावर प्रत्येक सणाच्या हिब्रू नावाखाली आपले मराठी नाव हाताने लिहावे, आणि त्या दिवशी घरात काय करीत हे चार ओळींत लिहून ठेवावे. लिहिण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारावे, कारण नागावची, पेणची, रेवदंड्याची रीत थोडी थोडी वेगळी असणार. मुलाने हसून विचारले की पुरीमला होळी का म्हणायचे, तर त्याला रागावू नये. हातातल्या ड्रेडलची गोष्ट त्याला सांगावी आणि मग आपली सांगावी. आणि येत्या आब महिन्यात वाल दोन दिवस आधी भिजत घालायला विसरू नये.